एक जूनचा इसम

कॅनडात एखाद्या आजोबांच्या तोंडात सूपचा चमचा घालायचा असेल तर आधी पोलिसांना विचारावं लागतं. सूप वृद्धाश्रमाचं असो, आजोबांना कडकडून भूक लागलेली असो, तरीही. ही व्यवस्था मला तत्त्वतः मान्य आहे, हे आधीच सांगून ठेवतो. लहान मुलं, म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांच्याजवळ कोणाही सोम्यागोम्याला सोडू नये, यात वाद कसला? फक्त त्या सोम्यागोम्यांत आपलीही गणना होते, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं की जरा लागतं.

झालं असं, की ज्या गोदामात मी टोरांटोच्या आसपास बरीच वर्षं खोकी मोजत होतो, ते गोदाम एके दिवशी दुसऱ्या गावी निघून गेलं आणि मी आहे तिथेच राहिलो. ओंटारियोत पर्सनल सपोर्ट वर्करला, म्हणजे पीएसडब्ल्यूला, मरण नाही, असं जो तो सांगत होता. वृद्धांना उठवायचं, बसवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. मी म्हटलं, हे तर आपल्याकडे सुना फुकट करतात. तरीही त्याचा कोर्स असतो, परीक्षा असते, आणि परीक्षेहून मोठी अशी प्लेसमेंट असते. म्हणजे खऱ्याखुऱ्या केअर होममध्ये जाऊन खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्यांवर हात बसवायचा. वर्गात माझ्या मुलीच्या वयाच्या पोरी. त्यातल्या अर्ध्या पंजाबी, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी अख्ख्या वर्गाचा अंकल झालो. शिकवणाऱ्या बाईसुद्धा नंतर नंतर मला अंकल म्हणायला लागल्या. त्यांना ते माझं आडनाव वाटलं असावं.

प्लेसमेंटला जाण्याआधी एक यादी हातात देतात. तिच्यात माणसाच्या देहाची आणि चारित्र्याची सरमिसळ असते. लसींचे दाखले, टीबीची चाचणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, मास्क नीट बसतो का याची परीक्षा, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, सहज पिशवीत टाकावं तसं, 'व्हल्नरेबल सेक्टर चेक', थोडक्यात व्हीएससी, म्हणजे दुर्बल माणसांजवळ जाणाऱ्याची पोलीस तपासणी.

ओंटारियोत पोलीस तपासणीचा एक स्वतंत्र कायदाच आहे. २०१५ साली झाला आणि २०१८ च्या १ नोव्हेंबरला लागू झाला. त्याने तपासणीच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिली साधी, गुन्ह्यांची. दुसरीत गुन्हे आणि कोर्टात चालू असलेली प्रकरणं. तिसरी आमची. ही सर्वांत खोल, आणि ती तुम्ही राहता त्या भागातल्या पोलिसांकडूनच करून घ्यावी लागते. हा कायदा होण्याआधी म्हणे कोणाला कधी मानसिक त्रास झाला, घरच्यांनी घाबरून पोलिसांना फोन केला, तर तेवढीही नोंद अशा कागदावर उमटायची आणि माणसाची नोकरी जायची. आता तसं होत नाही. शिवाय निकाल आधी तुमच्याच हातात येतो. पुढे तो कॉलेजला दाखवायचा की गिळून टाकायचा हे तुम्ही ठरवायचं. एवढी सभ्य पोलीस चौकशी मी तरी पाहिली नव्हती.

आपली कल्पना वेगळी असते ना. आमच्याकडे पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आला, तेव्हा वडिलांनी त्याला खुर्ची दिली, आईने पोहे केले, आणि शेजारचे दोघे साक्षीदार म्हणून बोलावले. त्यातल्या एकाशी आमचा बांधावरून तंटा चालू होता. त्याने पेन हातात घेऊन असा काही विचार केला, की वडिलांनी त्या उन्हाळ्यापुरता बांध सोडून दिला. चारित्र्य ही तेव्हा तडजोडीने मिळणारी वस्तू होती. इथे पोहे नाहीत, शेजारी नाहीत. एक ऑनलाइन अर्ज, क्रेडिट कार्ड आणि रात्रीचे अकरा.

अर्जात मागच्या काही वर्षांचे सगळे पत्ते विचारतात. भाडेकरू माणसाला ही शिक्षाच. त्याखाली प्रश्न येतो, की तुम्हाला याआधी दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखत असत का? मी क्षणभर थबकलो. गावात मला कोणीही पासपोर्टवरच्या नावाने ओळखत नाही. मळ्यातला, मधला, सावकारीण आजीचा नातू, आणि शाळेत एक नाव होतं ते मी इथे लिहिणार नाही, पोलिसांना तर मुळीच कळवणार नाही. मधल्या नावाच्या चौकटीत वडिलांचं नाव घालावं लागलं, कारण पासपोर्टवर ते तसंच आहे. कॅनडाला वाटतं, मधलं नाव हेही पोराचंच. त्यामुळे माझ्याबरोबर आमच्या कैलासवासी वडिलांचीही गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासून झाली. जिवंतपणी ते पोलीस चौकीच्या बाजूने बैलगाडी नेत नसत.

अर्ज पाठवून मी निश्चिंत झोपलो. वर्गातल्या पोरींचे कागद दोन-चार दिवसांत येऊ लागले. माझ्या वाट्याला मात्र एक ईमेल आला. तुमची तपासणी पूर्ण करण्यासाठी बोटांचे ठसे आवश्यक आहेत. हा कोणताही आरोप नव्हे.

'हा आरोप नव्हे' असं पोलीस स्वतःहून सांगतात तेव्हा माणसाला काय वाटतं, हे ज्याला तसं सांगितलंय त्यालाच ठाऊक. मी हात आधी धुतले, मग ईमेल पुन्हा वाचला.

कारण शोधलं तेव्हा ते भलतंच निघालं. कॅनडात शिक्षा भोगून झाल्यावर बऱ्याच वर्षांनी माणसाला माफी मिळू शकते. हल्ली तिला रेकॉर्ड सस्पेन्शन म्हणतात. नोंद मग एरवीच्या तपासणीत दिसत नाही. पण लैंगिक गुन्ह्यातल्या माफीच्या नोंदी २००० सालापासून वेगळ्या खूण करून ठेवलेल्या असतात आणि फक्त आमच्यासारख्या या तिसऱ्या तपासणीत चाळल्या जातात. पूर्वी नाव जुळलं तर पुढे बघत. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की सुटून आलेला माणूस नाव बदलू शकतो. म्हणून २०१० मध्ये आरसीएमपीने, म्हणजे इथल्या केंद्रीय पोलिसांनी, पद्धत बदलली. आता नाव बघतच नाहीत. लिंग आणि जन्मतारीख एवढंच बघतात. तुम्ही पुरुष आणि तोही पुरुष, तुमची जन्मतारीख तीच आणि त्याचीही तीच, की झालं. मग तुम्ही आणि तो एक नाहीत, हे दहा बोटांनी सिद्ध करायचं. २०१० मध्ये या नव्या नियमापायी कितीतरी सज्जन हॉकी प्रशिक्षक आणि शाळेत मदत करणारे बाप ठसे द्यायला रांगेत उभे राहिले होते.

यामागचा तर्क लाखमोलाचा आहे. माणूस नाव बदलेल, जन्मतारीख कशी बदलेल?

हा तर्क ज्याने लढवला तो आमच्या गावच्या शाळेत कधी आलेला नाही. आमच्याकडे नेमकं उलटं आहे. नाव माणूस मरेपर्यंत बदलत नाही. जन्मतारीख मात्र गुरुजी ठरवतात.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही, पण माझ्या केअर होमच्या पर्यवेक्षक बाईंना मला हे समजावून सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला दंडाला धरून आणायचा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगायचे. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग जन्मतारीख विचारायचे. बाप म्हणायचा, "दुष्काळाच्या साली झालंय बघा." गुरुजी टाक बुडवून लिहायचे, एक सहा आणि पुढे साल. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ सालीच झाला होता म्हणतात. तो आमच्या गावापर्यंत चालत यायला निघाला असावा. माझ्या वर्गातली झाडून सगळी पोरं एक जूनची. आम्ही जुळी नव्हतो, तिळी नव्हतो, अख्खा हजेरीपट होतो. महाराष्ट्रात दर वर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्या एकदम ओस पडतात त्या यामुळेच. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, आणि आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र गुरुजींच्या टाकातून एकाच सकाळी जन्मलेला आहे. त्या दिवशी नारळ आणि शालींचे भाव चढत असतील, याची मला खात्री आहे.

थोडक्यात, कॅनडात कुठेतरी एक इसम आहे. त्याचा जन्म खरोखर त्या साली १ जूनला, बहुधा एखाद्या स्वच्छ इस्पितळात, घड्याळात वेळ बघून झाला. पुढे त्याने नको ते केलं, शिक्षा भोगली, माफी मिळवली. आणि त्याच्यापायी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेला मी पोलीस स्टेशनच्या दारात उभा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, हे आईचं म्हणणं. तिला मी व्हिडिओ कॉलवर सांगायला नको होतं, पण मेव्हण्याने आधीच सांगून टाकलं होतं.

"आरं, पोलीस कशामुळं बोलवायलेत तुला?"

"बोटांचे ठसे घ्यायला, आई."

"कुणाचं काय उचललास?"

"काही उचललं नाही. माझी जन्मतारीख इथल्या एका माणसाशी जुळली."

"मग त्याला बोलवा म्हणावं की."

यावर कॅनडाच्या कायद्यात उत्तर नाही. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, की मी झालो तरी नक्की कधी?

"पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिशी. त्या साली बैलांच्या अंगावर मांस नव्हतं, झूल सुदीक गळून पडायली. तू रांगाया लागलास तवा मी खडी फोडायला जायचे, सुकडी भेटायची." मग जरा थांबून म्हणाली, "त्या सायबाला सांग, माझ्या पोराचा वाढदिवस भादव्यात असतो."

म्हणजे बहात्तरचं साल, सप्टेंबरच्या आसपास. गुरुजींनी मला तीन महिने आधीच जन्माला घातलं होतं. याचा एक फायदा आहे. कॅनडा सरकारची म्हातारपणाची पेन्शन पासष्टाव्या वर्षी सुरू होते, ती मला तीन महिने लवकर मिळेल. गुरुजींना त्या वेळी एवढी दूरदृष्टी असेल असं वाटलं नव्हतं.

घरातली प्रतिक्रिया अधिक अवघड होती. कारण काय, हे बायकोला सांगणं भाग होतं, आणि कोणत्या प्रकारच्या गुन्हेगाराशी तारीख जुळली हे सांगताना माझा आवाज उगाचच खाली गेला. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं घरात आहात," ती म्हणाली, "मला कुठे कोणी दाखला दिला होता?"

हे खोटं होतं आणि मी ते लगेच दाखवून दिलं. लग्न ठरण्याआधी तिचे मामा आमच्या गावात चौकशीला आले होते. कोणाला न सांगता. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून त्यांनी भजी मागवली आणि वेटरला विचारलं, "त्या अमक्याचं पोरगं कसंय रे?" मग पानवाला, मग न्हावी, मग गिरणीवाला. संध्याकाळच्या बसने परत गेले आणि म्हणाले, पोरगं गरीब आहे. तपासणी पूर्ण. त्यात लिंग, जन्मतारीख, नाव, पत्ता यांतलं काहीच नव्हतं, पण न्हाव्याने माझ्याबद्दल जे सांगितलं ते आरसीएमपीच्या कोणत्याही संगणकात नाही.

"मामांना न्हाव्याने काय सांगितलं ते तुम्हाला कुठे माहितीये?" बायको म्हणाली, आणि पोळी लाटायला लागली. ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ठसे घ्यायला पोलीस स्टेशनात गेलो. बाहेरून ते बँकेसारखं दिसतं, आत दवाखान्यासारखं. नंबर घ्यायचा, बसायचं. माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या, त्यांना चर्चमध्ये पोरांना गाणी शिकवायची होती. त्यांनी स्वेटर विणायला आणला होता, म्हणजे त्यांना तिथला अनुभव असणार. माझा नंबर लागला तेव्हा काचेपलीकडे एक तरणाबांड मुलगा होता, गळ्यात ओळखपत्र. आता शाईची भानगड नसते. काचेचं यंत्र असतं, बोट ठेवायचं, तो ते डावीकडून उजवीकडे गोल फिरवतो आणि पडद्यावर आपल्याच अंगठ्याचा भला मोठा नकाशा उमटतो. "हात सैल सोडा, सर. मला फिरवू द्या." हे त्याचं वाक्य. माझा हात काही केल्या सैल पडत नव्हता. पोलिसाच्या हातात हात देऊन सैल कसा सोडायचा, हे मराठवाड्यात शिकवत नाहीत.

हात मोकळा व्हावा म्हणून मी बोलायला लागलो. मी त्याला सांगितलं, की ही जी काही विद्या आहे ती आमच्याकडून आलेली आहे. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शल नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला रस्त्यासाठी लागणाऱ्या मालाचं कंत्राट दिलं. कंत्राटदार उद्या सही नाकारेल अशी त्याला धास्ती, म्हणून कागदाच्या मागे कोनाईचा अख्खा पंजा शाई लावून उमटवून घेतला.

"म्हणजे पहिला ठसा चोराचा नव्हता?" मुलाने विचारलं.

"रस्त्याच्या कंत्राटदाराचा होता," मी म्हणालो. त्याला त्यातलं काही कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल. आणि विशेष म्हणजे तेव्हापासून जगभरचे चोर ठशांनी पकडले गेले, आमच्याकडचे रस्त्याचे कंत्राटदार मात्र अजून मोकळेच आहेत.

उजवी अनामिका. मी पुढे गेलो. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं पहिलं कार्यालय निघालं, जगातलं पहिलं. लाखो ठशांतून हवा तो कसा शोधायचा हा प्रश्न होता. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलीस अधिकाऱ्यांनी त्याचं गणित बसवलं, ३२ गुणिले ३२ असे १,०२४ कप्पे. पद्धतीला नाव मात्र मिळालं साहेबाचं, एडवर्ड हेन्रींचं. करंगळी. मग हेन्री साहेब ती घेऊन लंडनला गेले आणि १९०१ साली स्कॉटलंड यार्डात तिचं कार्यालय उघडलं. तिथला एक हवालदार, फेरियर, १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेत राणीच्या जडजवाहिराची राखण करायला गेला. तिथे त्याला एडवर्ड फॉस्टर नावाचा कॅनडाचा पोलीस शिपाई भेटला. हा कॅनडाच्या सोन्याची राखण करायला आलेला. फॉस्टरने ती विद्या उचलली, सरकारच्या मागे लागला, आणि १९११ मध्ये ऑटवाला कॅनडाचं ठसे कार्यालय सुरू झालं.

"सर," मुलगा म्हणाला, "डावा अंगठा. सैल."

जंगीपूरहून निघालेली ती गोष्ट कलकत्ता, लंडन, सेंट लुईस, ऑटवा असा वळसा घालून माझ्यापर्यंत आली होती, आणि माझा अंगठा काही उमटत नव्हता. घासलाय म्हणाला. गोदामातल्या खोक्यांनी घासला असेल, नाहीतर करोनापासून चोळत असलेल्या त्या सॅनिटायझरने. मला आईची आठवण झाली. रेशन दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा कधीच लागत नाही. दुकानदार तिला अंगठा पदराला पुसायला लावतो, मग तेल लावायला, मग चुन्याच्या डबीत बुडवायला. एवढी वर्षं खडी फोडणाऱ्या बाईला सरकारने विचारावं, तू तूच आहेस कशावरून? या मुलाने मला ओलसर टिश्यू दिला. तीच विद्या, जरा स्वच्छ.

जाता जाता मी त्याला एक जूनची गोष्ट सांगितली. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "माझे वडील सोमालियातून आले. त्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. काकांची १ जानेवारी. आमच्या मशिदीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची १ जानेवारी." कागद नसलेल्या माणसाला अधिकारी वर्षाचा पहिला दिवस देऊन टाकतात. "आमच्याकडे डिसेंबरअखेर केकची दुकानं भरून वाहतात," तो म्हणाला. जगात कुठेतरी आमच्या गुरुजींचे सख्खे भाऊ आहेत हे मला तेव्हा कळलं.

ठसे ऑटवाला गेले. मग वाट बघणं. या मधल्या काळाबद्दल फार लिहीत नाही, कारण यादीतली बाकीची कामं त्याच दरम्यान आटपायची होती आणि तिथेही माझा लौकिक बरा नव्हता. टीबीची त्वचेवरची चाचणी केली, तर हाताला लिंबाएवढी गांधी उठली. नर्स दचकली. लहानपणी दंडावर बीसीजी टोचलेल्या आमच्यासारख्यांना ती उठू शकते, हे तिलाही माहीत होतं, तरी छातीचा एक्स-रे काढायला पाठवलंच. म्हणजे देह संशयित, चारित्र्य संशयित. मास्कच्या परीक्षेत डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून आत एक कडू फवारा मारतात. मास्कमधून कडू लागलं तर मास्क बसलेला नाही असं समजतात. आधी मास्क न लावता थोडा फवारा मारून विचारतात, "चव लागतेय का?" मी म्हणालो, थोडीशी. तिने पुन्हा मारला. "आता?" हो, थोडीशी. कारल्याची भाजी पंचवीस वर्षं एका बाईच्या हातची खाल्लेल्या माणसाला किती कडू म्हणजे कडू, हे तिच्या कोष्टकात नव्हतं.

कॉलेजच्या प्लेसमेंटच्या बाईंचे ईमेल दिवसेंदिवस छोटे होत गेले. पहिला परिच्छेदभर होता. मधला, 'तुमच्या व्हीएससीचं काय झालं?' शेवटचा नुसताच, 'व्हीएससी?' वर्गातल्या पोरी मला धीर द्यायच्या. एक म्हणाली, "अंकल, सच सच बताओ, कुछ किया तो नहीं था?" इतक्या मायेने विचारलं, की काहीतरी करून ठेवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं; निदान सांगायला तरी झालं असतं.

आणि एक दिवस तो कागद आला.

मी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात माझ्याबद्दल एकही चांगली गोष्ट नव्हती. वाईटही नव्हती. दिलेल्या माहितीवरून अमुक तारखेपर्यंत शोधलं, सापडलं काही नाही. बस्स. त्या तारखेनंतरची हमी नाही. शिवाय शोध फक्त कॅनडातल्या नोंदींचा. आयुष्यातली पहिली निम्म्याहून जास्त वर्षं मी जिथे काढली त्या मराठवाड्याबद्दल हा कागद गप्प होता. तिथे मी काहीही करून आलो असतो. आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कसं होतं! 'वर्तणूक: चांगली. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक.' वर्गातल्या प्रत्येकाच्या दाखल्यावर तेच, ज्याने हेडमास्तरांच्या सायकलची हवा सोडली त्याच्याही. नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला हवा असला की राजपत्रित अधिकारी गाठायचा. आपली-त्याची पहिलीच भेट असायची आणि तो लिहून द्यायचा, की मी यांना तीन वर्षांपासून ओळखतो, यांचं चारित्र्य उत्तम आहे. कोणी शोधलं नाही, कोणी ठसे घेतले नाहीत, आणि तरी आपण उत्तम ठरायचो. इथे मी दहा बोटं दिली, पैसे दिले, आणि मिळालं काय, तर सरकारी मराठीत सांगायचं झालं तर, 'निरंक'.

मी जरा खट्टू झालो होतो. पण खोटं कशाला बोला, तो कागद मी प्लास्टिकच्या पाकिटात घातला. ठशांचं पुढे काय करतात तेही विचारून घेतलं. अशा नागरी कामासाठी घेतलेले ठसे आरसीएमपी ठेवून घेत नाही, काम झालं की नष्ट करते. तो दुसरा इसम मात्र तिथे कायमचा आहे. त्याची-माझी जन्मतारीख पुढच्या तपासणीतही जुळणारच, कारण गुरुजींचं अक्षर आता खोडता येत नाही. पुन्हा नंबर, पुन्हा काच, पुन्हा 'हात सैल सोडा'. मी आता अंगठ्याला रात्री खोबरेल लावतो.

प्लेसमेंटच्या पहिल्या दिवशी केअर होममध्ये माझी नेमणूक दुसऱ्या मजल्यावर झाली. पर्यवेक्षक बाईंनी माझी फाइल पाहिली, कागद पाहिला, मान डोलावली. एका आजींना दुपारचं जेवण भरवायचं होतं. वय नव्वदीच्या पुढे, पांढरेशुभ्र केस, ओठांना लाली लावलेली, स्मृती मधूनमधून येऊन जाऊन. मी हात धुतले, नाव सांगितलं, खुर्ची ओढून बसलो आणि सूपचा पहिला चमचा पुढे केला.

त्यांनी चमच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "याने माझी पर्स चोरली."

अशा वेळी वाद घालायचा नाही, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी म्हणालो, "आजी, आपण दोघं मिळून शोधू." पर्स त्यांच्याच वॉकरच्या टोपलीत, शालीखाली होती. मी ती काढून दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्यांनी ती उघडली, आतले टिश्यूचे बोळे एकेक करून मोजले, आणि त्यांचा संशय कमी होण्याऐवजी पक्का झाला.

"पोलिसांना बोलवा," त्या पर्यवेक्षक बाईंना म्हणाल्या.

"खुशाल बोलवा, आजी," मी सूप ढवळत म्हणालो. "आता ओळख झालीय आमची."